किनाऱ्यावरचं शेवाळ, ऊन आणि हळद

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवते. आठवीच्या मुलांकडून समुद्री शेवाळांचे निळे सायनोटाइप छाप करून घ्यायचे आणि आपल्या किनाऱ्यावर एक प्रदर्शन मांडायचं, असं मनात आहे. ही जुनी पद्धत पर्यावरणपूरक आहे असं वाचलं; पण एका रसायनाच्या नावात 'सायनाइड' आहे म्हटल्यावर पालक घाबरलेत. काय करावं?
– एक शिक्षिका, मालवण

उत्तर : शेवाळ आणि सायनोटाइप यांचं नातं फार जुनं आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स यांनी ब्रिटिश शेवाळांचे छाप काढायला घेतले. दहा वर्षं त्या हप्त्याहप्त्याने पुस्तक काढत राहिल्या. कॅमेरा नाहीच, शेवाळ थेट रसायन लावलेल्या कागदावर, वर ऊन. मजकूरसुद्धा त्यांच्याच हस्ताक्षरात, त्याच निळ्या पद्धतीने छापलेला.

आता पालकांची शंका. या पद्धतीत लागणाऱ्या पोटॅशियम फेरिसायनाइडमधलं सायनाइड लोखंडाशी घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे नावाइतकं ते भयंकर नाही. मात्र ते तापवायचं नाही आणि संडास धुवायच्या ॲसिडजवळही न्यायचं नाही, विषारी वायू सुटतो. मला खरी काळजी वाटते ती धुण्याच्या पाण्याची. छाप धुतला की न वापरलेलं रसायन पाण्यात उतरतं. असं पाणी उघड्यावर उन्हात राहिलं तर त्यातलं सायनाइड हळूहळू मोकळं होतं, आणि माशांना ते थोडंही सोसत नाही. चांदीचे क्षार वापरून काढलेल्या जुन्या फोटोपेक्षा ही पद्धत नक्कीच सौम्य, पण किनाऱ्याबद्दलच्या प्रदर्शनाचं पाणी खाडीत सोडायचं हे मला अजिबात पटत नाही. पहिल्या धुण्याचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि आधी विचारून जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाकडे द्या. द्रावण लागेल तेवढंच कालवा.

म्हणून माझं स्पष्ट मत : निळे छाप तुम्ही स्वतः, हातमोजे घालून, मोजकेच काढा. मुलांच्या हातात हळद द्या.

साडीवर पडलेला हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि उन्हात वाळत घातला की उडतो, हे प्रत्येक घरात माहीत असतं. सगळी कृती त्यातच आहे. हळद स्पिरिटमध्ये कालवून गाळायची. हे काम तुम्ही करा, खिडक्या उघड्या ठेवून, गॅसपासून लांब. गाळलेला पिवळा रंग जाडसर कागदाला लावून सावलीत वाळवायचा. वर शेवाळ, त्यावर काच, आणि चांगल्या उन्हात काही तास. उघडी हळद फिकी पडते, शेवाळाखालची पिवळीच राहते. मग टाकणखाराचं (बोरॅक्सचं) पातळ पाणी फवारायचं, की शेवाळाचा आकार तांबूस तपकिरी होऊन उठून दिसतो. वर्गात पहिला कागद असा पालटला की पोरं जागेवर बसत नाहीत! हा छाप पक्का करता येत नाही, उजेडात विटत जातो. तेव्हा प्रदर्शन खिडकीसमोर नको, एरवी छाप बंद फाइलीत ठेवा.

निळ्या छापाचं याच्या उलट : साबण, सोडा, टाकणखार असं काहीही क्षारयुक्त लागलं की निळा उडतो. दोन्हीची भांडी वेगळी ठेवा, आणि निळ्याची भांडी परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

शेवाळ खडकावरून ओरबाडू नका. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. तेव्हा भरतीने वाळूवर टाकलेलं, तेही वन विभागाला विचारूनच उचला. गोड्या पाण्यात खळबळून मीठ काढा, टीपकागदात दाबून पूर्ण वाळवा. ओलं ठेवलंत तर छापाच्या कडा पसरतात. ॲटकिन्स प्रत्येक छापाखाली शेवाळाचं शास्त्रीय नाव लिहीत. मुलांना ते जमलं नाही तरी कुठे सापडलं, कोणत्या तारखेला, हे प्रत्येक कागदावर पेन्सिलने लिहायला लावा.