डोळ्यांविषयी वाचकांचे प्रश्न: मधुमेह आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन

प्रश्न: वडील 68 वर्षांचे आहेत, जुना मधुमेह. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) 9.4 आलंय. घरात सगळे म्हणतात, साखर महिन्याभरात सातवर आणू, तोवर मोतीबिंदूही चांगला पिकेल. थांबावं का?

उत्तर: पिकण्याची वाट पाहणं ही जुन्या ऑपरेशनच्या काळातली सवय. आता फेको पद्धतीत भिंग अल्ट्रासाउंडने फोडून ओढून घेतात. मोतीबिंदू जितका कडक, तितकी जास्त ऊर्जा डोळ्यात सोडावी लागते. मधुमेहात कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराच्या, आतल्या पेशी आधीच नाजूक असतात, त्यामुळे ऑपरेशननंतर कॉर्नियाला सूज येते आणि ती लवकर उतरत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे मोतीबिंदू पांढरा झाला की मागचा पडदा दिसेनासा होतो. मग सोनोग्राफी करावी लागते. पडदा सुटलाय का, आत रक्त साचलंय का, एवढं तीत कळतं. पडद्याच्या मध्यभागाची, म्हणजे मॅक्युलाची, बारीक सूज तीत कळत नाही. आणि मधुमेहात नजर बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच.

साखर जरूर आटोक्यात आणा, पण महिन्यात 9.4 वरून सातवर आणण्याचा हट्ट नको. साखर झपाट्याने उतरली की काही जणांची रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहाने पडद्याच्या रक्तवाहिन्यांचं झालेलं नुकसान, काही काळ उलट बळावते. ऑपरेशनसाठी सगळ्यांना लागू होईल असा एचबीएवनसीचा एकच आकडा नाही. साखर स्थिर आहे ना, अंगात कुठे जंतुसंसर्ग नाही ना, हे जास्त महत्त्वाचं.

डॉक्टरांकडे दोन गोष्टींचा आग्रह धरा: बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी आणि मॅक्युलाचा ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन. सूज आढळली तर डोळ्यातलं इंजेक्शन ऑपरेशनआधी किंवा त्याच वेळी देता येतं. पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवू लागल्या असतील, तर शक्य तेवढं लेझर आधी उरकतात. जुन्या मधुमेहात बाहुली पुरती उघडत नाही, हेही याच तपासणीत कळतं आणि सर्जन ती ताणून धरणारी रिंग किंवा हुक तयार ठेवतात. लहान बाहुलीतून काम करताना भिंगामागची पिशवी फाटण्याचा धोका वाढतो. ती फाटली की मॅक्युलाला सूज येण्याची शक्यताही वाढते.

प्रश्न: आईला ऑपरेशननंतर छान दिसत होतं. पाचव्या आठवड्यापासून अक्षरं पुसट आणि दाराची चौकट वाकडी दिसते. दुखत नाही, लालीही नाही. लेन्स सरकली असेल का?

उत्तर: लेन्सपेक्षा आधी मॅक्युलाच्या सुजेचा विचार करायला हवा. तिचा ठरलेला काळच साधारण 4 ते 6 आठवड्यांचा असतो. ऑपरेशनमुळे डोळ्यात दाह निर्माण करणारी रसायनं सुटतात. मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या मुळातच झिरपत्या असतात, त्या आणखी झिरपू लागतात. या आठवड्यातच ओसीटी करून घ्या. सूज निघाली तर स्टेरॉइड आणि नेपाफेनॅकसारखे सूज उतरवणारे थेंब देतात. त्यांनी भागलं नाही तर इंजेक्शन. स्टेरॉइडने काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो, म्हणून तोही मोजून घ्यावा.

‘दिसतंय ना, मग कशाला’ म्हणून थेंब मध्येच सोडले जातात. मधुमेहींना सुजेचे थेंब इतरांपेक्षा जास्त दिवस दिले जातात, कधी 60 दिवसांपर्यंत, ते याच कारणासाठी. स्टेरॉइडचा थेंब दुधाळ असेल तर बाटली आधी नीट हलवा, नाहीतर औषध तळाशीच राहतं. दोन औषधांत 5 मिनिटं जाऊ द्या. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं हलका दाबून धरा.

दुखणं, वाढती लाली आणि दिवसागणिक कमी होणारी नजर हे चित्र मात्र वेगळं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात असं झालं तर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला असं धरूनच चालायचं. मधुमेहात त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तेव्हा दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट घेऊ नका, त्याच तासाला निघा.

प्रश्न: ऑपरेशनच्या सकाळी साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिन घ्यायचं का?

उत्तर: आधी विचारा, उपाशी यायचंय का. नुसते थेंब टाकून डोळा बधिर करणार असतील, तर अनेक ठिकाणी हलकं खायला चालतं, मग नेहमीची औषधंही बहुधा चालतात. उपाशी राहायचं असेल तर ग्लिमेपिराइडसारखी गोळी आणि जेवणाआधीचं इन्सुलिन साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेऊ शकतं. दिवसभर काम करणारं इन्सुलिन सहसा पूर्ण बंद करत नाहीत, मात्रा कमी करतात. किती, ते मधुमेहाच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. साखर 70 च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा आणि जे दिलं ते भूलतज्ज्ञांना सांगा. टेबलावर हात-पाय थरथरू लागले तर डोळा स्थिर राहत नाही. भीतीने थरथरतोय की साखरेने, हे चादरीखालच्या माणसाकडे पाहून ओळखू येत नाही.

प्रश्न: मधुमेहात मल्टिफोकल लेन्स (दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारी) चालेल?

उत्तर: पडदा स्वच्छ असेल तर विचार करता येईल. रेटिनोपॅथीची खूण असेल तर साधी, एकाच अंतरासाठीची मोनोफोकलच घ्या. मल्टिफोकलमध्ये उजेड वाटला जातो आणि काळ्या-करड्यातला फरक पुसट होतो. मॅक्युला आधीच कमजोर असेल तर तो तोटा चश्म्यानेही भरून निघत नाही. चश्म्याचा नंबरही साखर स्थिर असताना, साधारण सहाव्या आठवड्यानंतरच काढा.