इंग्लंडमध्ये पार्कात बसून बिअर प्यायली तर पोलीस पकडतात का?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये मास्टर्सला येताय, एक मित्र म्हणतो तिकडे सगळं चालतं आणि दुसरा म्हणतो दंड होतो. दोघंही खरं बोलतायत, फक्त वेगवेगळ्या गावांत राहत असणार.

इथे बाहेर पिऊच नका असा देशभराचा एक कायदा नाहीये. 18 पूर्ण असतील तर गवतावर चादर टाकून बिअर प्यायला कोणी हरकत घेत नाही, जरा ऊन पडलं की अर्धं गाव तेच करत असतं. पण 2014 च्या एका कायद्याने कौन्सिलला (आपली नगरपालिका समजा) अधिकार दिलाय की एखाद्या चौकात, पार्कात, स्टेशनबाहेर पिणाऱ्यांचा फारच त्रास असेल तर तेवढ्या भागापुरता आदेश काढायचा. पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर असं लांबलचक नाव आहे, थोडक्यात पीएसपीओ. एका वेळी जास्तीत जास्त 3 वर्षं, मग परत मुदत वाढवायची.

आता यातली मेख, जी मलाही पहिली दोन वर्षं माहीत नव्हती. दारूवरच्या या आदेशात नुसतं पिणं हा सहसा गुन्हा नसतो. पोलीस किंवा कौन्सिलचा अधिकार दिलेला माणूस येऊन म्हणाला की पिणं थांबवा, डबा इकडे द्या, आणि तुम्ही काही कारण नसताना ऐकलं नाही, तर तो गुन्हा. ऐकलं नाही तर गुन्हा होईल हे त्यांनी तुम्हाला आधी सांगायलाच लागतं. आणि कौन्सिलचा माणूस असेल आणि तुम्ही ओळखपत्र मागितलंत आणि त्याने दाखवलं नाही तर त्याचा हुकूम लागूच होत नाही. पण म्हणून हुज्जत घालायला जाऊ नका, प्रकरण कोर्टात गेलं तर दंड 500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

आमचंच सांगतो. रूममेट भारतात परत चालला होता म्हणून आम्ही चौघं पार्कात बसलो, घरचे सामोसे आणि सायडरचे (सफरचंदाच्या दारूचे) कॅन, आवाज नाही की काही नाही, तर कौन्सिलचे दोन वॉर्डन आले. आमच्यातला एकजण लगेच 'आम्ही कोणाला त्रास देतोय का' करून सुरू झाला, त्याला कसाबसा गप्प केला आणि कॅन देऊन टाकले. एक कॅन तर उघडलाही नव्हता, तोही गेला. राग आला होता पण कायद्यात बंद डबासुद्धा मागायची सोय आहे हे नंतर वाचलं. परत जाताना गेटजवळच्या खांबावर या आदेशाची पाटी दिसली, एवढीशी.

मला स्वतःला ही पद्धत आपल्यापेक्षा बरी वाटते. महाराष्ट्रात अजून 1949 चाच दारूबंदी कायदा आहे, प्यायला कागदोपत्री परमिट लागतं जे कोणी काढत नाही, आणि आपल्या पार्कात काय चालावं हे ठरवायला महापालिकेला कोणी फारसं विचारतही नाही. इथे निदान लोकांची तक्रार कौन्सिलपर्यंत जाते आणि तेवढ्याच चार रस्त्यांवर नियम लागतो. तोटा एवढाच की फूटपाथवर झोपणारे बेघर लोक त्यात आधी सापडतात, पबच्या अंगणात ग्लास घेऊन बसलेल्यांना काही होत नाही, कारण लायसन्स असलेली जागा आदेशातून वगळलेली असते.

येण्याआधी तुमच्या कौन्सिलचं नाव आणि पीएसपीओ टाकून सर्च करा, बऱ्याचदा नकाशाच मिळतो. लंडनला आलात तर बस आणि ट्यूबमध्ये (तिथली भुयारी रेल्वे) जून 2008 पासून पिणं बंद आहे, उघडा कॅन नुसता हातात धरणंही बंद. आणि स्कॉटलंडचं सगळं वेगळं, तिथे हा कायदा नाही, कौन्सिलचे स्वतःचे उपनियम असतात, ग्लासगोत तर 1996 पासून अख्ख्या शहरात रस्त्यावर प्यायला बंदी आहे, त्यामुळे तिकडे फिरायला गेलात तर सरळ पबमध्येच बसा.