डिमांड रिस्पॉन्समध्ये उपकरणांना गुण देण्याचे नियम कसे ठरवावेत?

आपण पुण्यातून अमेरिकेतील एका वीज कंपनीचे डिमांड रिस्पॉन्सचे, म्हणजे ग्रिडवर ताण आला की ग्राहकांच्या संमतीने त्यांच्या उपकरणांचा वीजवापर काही काळ कमी करण्याच्या कार्यक्रमाचे, सॉफ्टवेअर सांभाळता, आणि थर्मोस्टॅट, वॉटर हीटर, इव्ही चार्जर व घरगुती बॅटरी यांना शंभरपैकी गुण देताना कोणत्या घटकाला किती वेटेज द्यावे, असे आपण विचारले आहे. मी याच क्षेत्रात काम करतो. वेटेजचे आकडे ठरवण्याआधी हे गुण नेमके कशाचे, ते ठरवावे, असे माझे मत आहे. उपकरण किती चांगले आहे याचे ते गुण नसतात. आज, या तासाला, या फीडरवर (उपकेंद्रातून वस्तीकडे जाणाऱ्या वीजवाहिनीवर) ते किती किलोवॉट खरोखर कमी करील, याचा तो अंदाज असतो.

पात्रतेचे नियम गुणांपासून पूर्णपणे वेगळे ठेवावेत. ज्या घरात वैद्यकीय उपकरण विजेवर चालते, ज्या ग्राहकाचे हंगामातील ठरलेले इव्हेंट (म्हणजे वापर कमी करायला लावण्याच्या वेळा) संपले आहेत, किंवा ज्या बॅटरीत ग्राहकाने राखून ठेवलेल्या पातळीच्या वर काहीच उरलेले नाही, ते उपकरण यादीतच येता कामा नये. अशा गोष्टींसाठी उणे गुण ठेवले, तर टंचाईच्या संध्याकाळी यादी खालपर्यंत वापरली जाते आणि जे घर कधीच निवडायचे नव्हते तेही निवडले जाते.

उरलेल्या उपकरणांचे गुण काढताना बेरीज न करता गुणाकार करावा. बेरजेत एक मोठी चूक दडते: जे उपकरण दोन दिवस संपर्कातच नाही, तेही क्षमता आणि पूर्वेतिहास यांच्या जोरावर वरच्या क्रमांकावर येते. गुणाकारात एक घटक शून्य झाला की सगळेच शून्य होते, आणि वस्तुस्थितीही तशीच असते. केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. उन्हाळ्यातील संध्याकाळी एका थर्मोस्टॅटमुळे 1.2 किलोवॉट कमी होतील, तो संपर्कात असण्याची शक्यता 0.9 आणि ग्राहक इव्हेंटमधून मध्येच बाहेर न पडण्याची 0.8 धरली, तर अपेक्षित घट सुमारे 0.86 किलोवॉट येते. 7.2 किलोवॉटचा इव्ही चार्जर त्या वेळी प्रत्यक्ष चार्जिंग करत असण्याची शक्यता 0.15 आणि ग्राहक टिकून राहण्याची 0.9 धरली, तर उत्तर सुमारे 0.97 येते. आकडे जवळपास सारखे असले तरी दोघांचा स्वभाव वेगळा आहे, कारण चार्जर एक तर पूर्ण घट देतो किंवा काहीच देत नाही. हजारो घरांच्या सरासरीत हा फरक मिटतो. पण चार-पाच घरांच्या एका ट्रान्सफॉर्मरवरील ताण कमी करायचा असेल, तर मी खात्रीच्या उपकरणाला झुकते माप देतो.

पाटीवरची क्षमता नियमात थेट घालू नये. टाकीच्या विद्युत वॉटर हीटरवर 4.5 किलोवॉट लिहिलेले असते, पण तो दिवसातून थोडाच वेळ चालू असतो, त्यामुळे अनेक घरांची सरासरी काढली की तो आकडा फारच लहान होतो. थर्मोस्टॅटचे गणित आणखी वेगळे आहे: तापमानाची मर्यादा दोन-तीन अंश फॅरनहाइटने वाढवली की पहिल्या तासात घट भरपूर मिळते, मग घर तापत जाते तशी ती ओसरते, आणि इव्हेंट संपताच सगळी एसी यंत्रे एकदम जोर धरतात. म्हणून दिवसभरासाठी एकच गुण न ठेवता तासागणिक वेगळे गुण ठेवावेत, आणि एका फीडरवरील उपकरणे टप्प्याटप्प्याने सोडावीत.

नव्या ग्राहकाचा इतिहास नसतो. दोनपैकी दोन इव्हेंटमध्ये टिकला म्हणून त्याला शंभर टक्के विश्वासार्ह मानू नये. कार्यक्रमाची सरासरी 80 टक्के असेल, तर तिला दहा इव्हेंटच्या अनुभवाइतके वजन द्यावे. मग बारापैकी दहा, म्हणजे सुमारे 83 टक्के, असा आकडा येतो. तो माझ्या मते अधिक प्रामाणिक आहे.

सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे थकवा. कॅलिफोर्नियात सप्टेंबर 2022 मधील उष्णतेची लाट अनेक दिवस चालली आणि 6 सप्टेंबरला राज्याच्या ग्रिडवरील मागणी 52,061 मेगावॉट या विक्रमी पातळीवर पोहोचली. अशा वेळी केवळ गुणांनुसार निवड केली, तर रोज तीच घरे बोलावली जातात, आणि मग तेच उत्तम ग्राहक कार्यक्रम सोडून जातात. अलीकडे झालेल्या प्रत्येक इव्हेंटमागे गुणांना काही काळ ओसरत जाणारी कपात लावावी. ही कपात किती असावी हे आपल्याच ग्राहकांच्या ऑप्ट-आउटच्या (इव्हेंटमधून बाहेर पडण्याच्या) नोंदींवरून काढावे. दुसऱ्या राज्याचा आकडा उसना घेऊ नये.

याच्याच जोडीला, प्रत्येक इव्हेंटमध्ये काही पात्र उपकरणे गुण न पाहता यादृच्छिक पद्धतीने बाजूला ठेवावीत. त्यांच्याशी तुलना केल्यावरच खरी घट कळते. मागील दहा कामकाजी दिवसांच्या सरासरीवर आधारलेली बेसलाइन (इव्हेंट नसता तर वापर किती झाला असता याचा अंदाज) सोयीची असली, तरी अतिउष्ण दिवशी ती नेहमीचा वापर कमी दाखवते आणि त्यामुळे मोजलेली घटही कमी भरते. त्यासाठी त्या दिवशीच्या वापरावरून दुरुस्ती करावी लागते. तसेच, कमी गुणांची काही उपकरणेही अधूनमधून वापरावीत, नाहीतर त्यांचा अंदाज जुन्या नोंदीवरच अडकून राहतो.

नियम बदलताना जुनी आवृत्ती पुसू नये. प्रत्येक निवडीसोबत नियमाची आवृत्ती, घटकांची मूल्ये आणि अंतिम गुण साठवावेत, म्हणजे ग्राहकाने ‘माझाच एसी का?’ असे विचारल्यास उत्तर देता येते. नवा नियम आधी गेल्या उन्हाळ्याच्या नोंदींवर चालवून पाहावा, मग काही इव्हेंटमध्ये तो आज्ञा न पाठवता फक्त गुण काढत राहील असे ठेवावे, आणि त्याचा अंदाज मीटरच्या नोंदींशी जुळतो हे पाहूनच त्याच्याकडे निवड सोपवावी.