चोरीला गेला की गंजून गळला?

नोकरी डोंबिवलीत, घर गुहागर तालुक्यात आणि घराच्या पडवीला लागून उभी असलेली 2019 ची इको. या वाचकांनी गणपती आटोपल्यावर गाडी तिथेच ठेवली. शिमग्याला येऊन चावी फिरवली तर ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखा आवाज. वाकून पाहिलं तर सायलेन्सरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) असलेला भाग नाही. दुसऱ्याच दिवशी चिपळूण स्टेशनवर पाहुणे आणायला जायचं होतं, म्हणून शृंगारतळीच्या मेस्त्रीकडून 11 हजारांचा बाजारातला कॅट जोडून घेतला. पालखी घरी येऊन गेल्यावर, म्हणजे चौथ्या दिवशी, पोलिसांत फिर्याद दिली. विमा कंपनीला कळवलं चोविसाव्या दिवशी. आता कंपनीचं पत्र आलंय: पाहणीआधी दुरुस्ती का केलीत? शिवाय सर्व्हेअर, म्हणजे कंपनीच्या वतीने नुकसान पाहायला आलेला माणूस, तोंडी म्हणाला, "समुद्राकाठची गाडी, गंजून पडला असेल."

वाचकांचे प्रश्न तीन. उशीर झाला म्हणून क्लेम बुडाला का? ओरिजिनल बसवू की आहे तोच ठेवू? आणि ताजा कलमात, जाता जाता, मेस्त्रीकडे पाइपाचे जुने तुकडे पडलेत, ते टाकून देऊ का?

तुमचा सगळा खटला त्या ताज्या कलमात आहे.

उशिराची धास्ती तुम्ही नको इतकी घेतलीत. गुरशिंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी जानेवारी 2020 मध्ये म्हटलंय की पोलिसांत लगेच फिर्याद दिलेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा क्लेम नाकारता येणार नाही. तिथे कंपनीला कळवायला 52 दिवस लागले होते. ते प्रकरण अख्ख्या वाहनाच्या चोरीचं होतं आणि फिर्याद त्याच दिवशीची होती. तुमची चौथ्या दिवशीची. म्हणजे दार उघडं आहे, सताड नाही. चोरी कधी झाली ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, दिवस मोजायचे ते कळल्यापासून. फिर्यादीत "गणेशोत्सव ते शिमगा या दरम्यान" असं लिहिलंय ते बरोबरच आहे.

कंपनीने बोट ठेवलंय ते कलम वेगळं. खासगी गाडीच्या आपल्याकडच्या ठरावीक पॉलिसीत गाडीमालकाला स्वतःच्या अधिकारात दुरुस्ती करून घ्यायची मुभा आहे, पण अंदाजित खर्च 500 रुपयांच्या आत असेल तरच. हो, पाचशे. आज पाचशेत सायलेन्सरचं वेल्डिंगसुद्धा धड होत नाही, तरी छापील आकडा तोच. तुम्ही 11 हजार खर्च केलेत आणि तेही कच्च्या चिठ्ठीवर. पाहुण्यांना आणायला चिपळूणहून दुसरी गाडी मिळाली नसती का? निदान जोडकाम करण्यापूर्वी कंपनीच्या नंबरवर एक फोन आणि गाडीखालचे चार फोटो, एवढ्याला दहा मिनिटं लागली असती. शिमगा संपला तरी कवित्व उरतं म्हणतात, ते हे.

तरीही हे कलम म्हणजे फाशी नव्हे. पाहणीआधी दुरुस्ती नको, कारण नुकसान कशाने झालं हे कंपनीला पाहता आलं पाहिजे. ते अजूनही दाखवता येत असेल तर तुमच्या बाजूने बोलायला जागा आहे. त्यातच गंजाचा मुद्दा येतो: झीज आणि नैसर्गिक नासाडी पॉलिसीत वगळलेली असते आणि खाऱ्या हवेत चार पावसाळे काढलेल्या पाइपाकडे बोट दाखवणं सोपं असतं.

आता ते तुकडे बघा. गंजलेला पाइप आधी पातळ होतो, त्याला भोकं पडतात, कडा पापुद्र्यासारखी चुरते. हॅक्सॉने कापलेल्या टोकाची कड सरळ असते. वर लाली चढली तरी पत्र्याची जाडी तीच राहते आणि दात्यांचे ओरखडे बोटाला लागतात. ऑक्सिजन सेन्सरची वायर तुटलीय असं तुम्हीच लिहिलंय; गंज वायर कापत नाही. आणि सर्व्हेअरला हा एक प्रश्न जरूर विचारा: गंजून पडला असता तर तो गाडीखालीच पडलेला सापडला असता ना? गाडी तर जागची हललेली नव्हती. चोर तो नेतात कारण आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. गंजलेल्या लोखंडासाठी कुणी रात्री गाडीखाली शिरत नाही.

तेव्हा तुकडे गोणपाटात गुंडाळून ताब्यात घ्या. मेस्त्रीकडून सही-तारखेसह लिहून घ्या की गाडी आली तेव्हा टोकं अशी होती आणि जोडण्यासाठी त्याने नवा काप कुठे घेतला. हा दुसरा भाग विसरू नका, नाहीतर मेस्त्रीचाच काप चोराच्या नावावर लागेल आणि तुमचं सगळंच खोटं वाटेल. पंचनाम्याची प्रत मागा. त्यात पाइपाचा उल्लेख नसेल तर पुरवणी पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुतण्याने मोबाइलवर फोटो काढले असतील तर तो मोबाइल विकू देऊ नका; असे फोटो पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र पुढे लागू शकतं. मग कंपनीला उत्तर पाठवा: दुरुस्ती तातडीची होती, तुकडे जपून ठेवलेत, पुन्हा पाहणी करा. विमा नियामकाचं 20 सप्टेंबर 2011 चं परिपत्रक जोडा. खरे क्लेम निव्वळ उशिराच्या तांत्रिक कारणावर नाकारू नका, असं त्यात कंपन्यांना सांगितलंय.

ओरिजिनल की बाजारातला, हे आधी कागदावर मांडून बघा. गाडी पाच ते दहा वर्षांतली, म्हणजे धातूच्या भागावर 40 टक्के घसारा (वयामुळे कमी झालेली किंमत). सर्व्हिस सेंटरने ओरिजिनलचे सांगितलेल्या 54 हजारांतून 21,600 गेले, दर क्लेममध्ये मालकाने सोसायचे सक्तीचे 1,000 गेले, हाती 31,400. मजुरीचा हिशोब वेगळा, आणि शून्य घसाऱ्याचं जादा संरक्षण घेतलेलं असेल तर सगळंच वेगळं. बाजारातलाच ठेवलात तर कंपनी खर्च झालेल्या रकमेपुरतंच बघणार: 11 हजारांतून घसारा आणि 1,000 वजा जाता 5,600, तेही पक्कं बिल असेल तर. उलट तुमचा 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता वर्षाला 6 हजार धरला, तर बोनस पुन्हा 50 वर येईपर्यंत साडेसात हजार जादा भराल. म्हणजे ओरिजिनल बसवणार असाल तरच भांडा. नसेल बसवायचा तर क्लेम मागे घ्या आणि बोनस कायम राहिल्याचं कंपनीकडून लेखी घ्या.

बाजारातला कॅट बेकायदा आहे असं मी सरसकट म्हणणार नाही. पण नुसती नळी जोडून आत काहीच नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2) लागू शकतं: पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र. पीयूसी निघाली म्हणून आत काही आहेच, असं समजू नका.

"जुना ओरिजिनल 9 हजारांत" देतो म्हणणाऱ्याला मात्र हात जोडा. तो कुणाच्या गाडीखालून आला असेल, हे तुम्हाला सांगायला हवं का? चोरीचा आहे असं मानायला कारण असताना घेतलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तुम्हीच आरोपी. फिर्यादी आणि आरोपी दोन्ही एकाच पोलीस ठाण्यात होण्याची हौस कशाला?

कंपनीने नाकारलंच तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लिहा, महिनाभर थांबा आणि मग विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), पण नकारानंतर वर्षाच्या आत गेलं पाहिजे. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे आणि राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, त्यासाठी रत्नागिरी गाठायला नको. तिथला निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. माझ्या डायरीत मात्र पुढची तारीखच तीन महिन्यांनी पडते. एकतीस हजारांसाठी मी आधी लोकपालाकडेच जाईन.

पण आधी मेस्त्रीला फोन करा. भंगारवाला माझं उत्तर छापून येईपर्यंत थांबणाऱ्यातला नाही.