घटनेत मासे कशाला?

प्रश्न: नागरिकत्व मिळाल्यावर 2024 च्या नोव्हेंबरात फ्लोरिडात पहिल्यांदा मत दिलं. राष्ट्राध्यक्ष निवडायचा त्याच मतपत्रिकेवर विचारलं होतं, शिकार आणि मासेमारीचा हक्क राज्याच्या घटनेत घालायचा का? चक्रावलोच. देशाला घटना असताना राज्याला वेगळी कशाला? आणि तिच्यात मासे?
– एक वाचक, टॅम्पा

उत्तर: पहिला घोळ आपल्या भाषेचा. ‘राज्यघटना’ म्हटलं की आपल्याला देशाचीच घटना आठवते. अमेरिकेत राज्यांच्या घटना वयानं थोरल्या. न्यू हॅम्पशरनं आपली घटना जानेवारी 1776 मध्ये केली, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघायच्याही आधी. देशाची लिहिली गेली 1787 मध्ये. मी बॉस्टनला राहायचे, तिथली मॅसॅच्युसेट्सची 1780 ची घटना अजून लागू आहे; मसुदा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सच्या हातचा.

देशाच्या घटनेत ‘शिक्षण’ हा शब्दसुद्धा नाही. तो मूलभूत हक्क मानायला सर्वोच्च न्यायालयानं 1973 मध्ये नकार दिला, तेव्हापासून शाळांच्या निधीचे खटले राज्यांच्या घटनांवर लढले जातात. तुमच्या मुलांच्या शाळेशी जवळचा संबंध आहे तो टॅम्पात मत दिलंत त्या घटनेचा.

आता मासे. देशाच्या घटनेला आजवर 27 दुरुस्त्या. अलाबामाच्या 1901 च्या घटनेला, 2022 मध्ये तिची जागा नव्या घटनेनं घेईपर्यंत, 900 हून जास्त झाल्या. ती केली होती कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवायला, आणि अधिकार सगळे राजधानीत कोंडलेले. एखाद्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, बिंगो खेळू द्यायचा, तरी घटनादुरुस्ती!

फ्लोरिडाची गंमत निराळी. तिथे सह्या गोळा करून नागरिकांना घटनादुरुस्ती मांडता येते, साधा कायदा मात्र मांडता येत नाही. मग जे हवं ते घटनेतच. 2002 मध्ये लोकांनी मत देऊन लिहवून घेतलं, की गाभण डुकरिणीला वळताही येणार नाही इतक्या अरुंद जागेत कोंडू नये. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, जागा चुकली एवढंच. तुमचे मासे मात्र विधिमंडळानंच पुढे केले होते, आणि ते मंजूरही झाले.

त्याच मतपत्रिकेवरच्या गर्भपाताच्या हक्काला सुमारे 57 टक्के मतं पडूनही तो हरला, कारण दुरुस्तीला 60 टक्के लागतात. ही अट 2006 च्या दुरुस्तीनं आली. तिला स्वतःला 58 टक्केही पडले नव्हते.