कॉम्प्युटर सायन्स सोडून ‘मुलांना व्हिडिओ शिकवणार’?

पत्र : आम्ही सॅन होजेत राहतो, दोघंही आयटीत. अकरावीतली आमची मुलगी दर शनिवारी डाउनटाउनमधल्या ‘माक्ला’ या लॅटिनो कलाकेंद्रात मदतीला जाते. परवा एका चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या आजीच्या रेकॉर्डिंगमधून फ्रिजची घरघर कशी काढायची, हे शिकवण्यात ती जेवायचंही विसरली. आता म्हणते, हेच काम करणार. पोट भरेल का?

ताई, ती स्वतःचं काही बनवताना नाही, दुसऱ्याला शिकवताना जेवण विसरली. मला तर तिचा कल त्यातच दिसतो.

हे शनिवारपुरतं समाजकार्य नव्हे. माक्ला १९८९ पासून आहे. त्याआधी, १९७६ पासून, लॉस एंजेलिसमध्ये चित्रकार जूडी बाकांनी पुराच्या पाण्याच्या कालव्याच्या भिंतीवर कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगवायला घेतला. अर्धा मैल भिंत, हाताशी वस्त्यांमधली चारशेवर पोरं. त्याच बाकांनी १९९६ मध्ये तिथल्या यूसीएलए विद्यापीठाबरोबर भित्तिचित्रांची डिजिटल लॅबही काढली.

आता पैसा. अशा केंद्रांत शिकवणाऱ्यांना बहुधा तासावर मानधन मिळतं, तेही ग्रँट, म्हणजे बाहेरून मिळालेलं अनुदान, असेपर्यंत. ग्रँट संपली की वर्ग बंद. सॅन होजेचं घरभाडं त्यावर निघायचं नाही, हे तिला स्पष्ट सांगा.

पक्की नोकरी हवी तर शाळेकडे बघा. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रॉपोझिशन २८ हा मतदानाला टाकलेला कायदा मंजूर केला आणि सरकारी शाळांमधल्या कला-संगीतासाठी दरवर्षी वेगळा निधी बांधला गेला. पाचशे किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शाळांच्या डिस्ट्रिक्टला त्यातले किमान ८० टक्के माणसं नेमण्यावरच खर्च करावे लागतात. तिथे शिक्षक व्हायला पदवी आणि वर आर्टचं टीचिंग क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा सरकारी परवाना, लागतो. दुसरी वाट फारशी कुणी सांगत नाही : ‘आर्ट्स, मीडिया अँड एंटरटेनमेंट’ विषयाचं सीटीई, म्हणजे व्यवसायशिक्षणाचं, क्रेडेन्शियल. त्याला पदवीची अट नाही, क्षेत्रातला तीन वर्षांचा, म्हणजे ३,००० तासांचा अनुभव लागतो. पदवी तरीही घ्यावीच.

कॉलेज घराजवळचं चालेल. सॅन होजे स्टेट विद्यापीठात डिजिटल मीडिया आर्ट आहे, शिवाय तिथे लॅटिनो विद्यार्थी भरपूर. डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करून तिथे ट्रान्सफर घेतली तर खर्च आणखी उतरतो. मंडळाच्या गणपतीत ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणताना तुमची जीभ अडखळेल, पण तो प्रश्न तुमचा, तिचा नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. त्या वस्तीत ती पाहुणी आहे. शाळेतली स्पॅनिश परीक्षेपुरती असते. त्या मुलाच्या आजीशी दहा मिनिटं बोलता यायला हवं. आणि पहिली काही वर्षं तिथल्याच लॅटिनो शिक्षकांच्या हाताखाली काढावीत, स्वतःचा प्रकल्प घेऊन पुढे धावू नये.

सीएसयूचे, म्हणजे सॅन होजे स्टेट ज्यात येतं त्या राज्य विद्यापीठांचे, अर्ज १ ऑक्टोबरला उघडतात. त्याआधी तिला माक्लातल्या शिक्षकांना थेट विचारू द्या : वर्षाचे किती महिने पगार मिळतो, आरोग्यविमा आहे का, जोडीला आणखी काय करता? आणि येत्या शनिवारी तिला सोडायला जाल तेव्हा गाडीतच बसून राहू नका, आत जाऊन वर्ग बघून या. बाबांनाही न्या.