परदेशी आगाराला पत्र लिहिण्याआधी

जळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या बस संस्थांशी पत्रव्यवहार सुरू करतोयस, याचा मनापासून आनंद आहे. फक्त ‘तुम्ही देखभाल कशी करता?’ असं विचारू नकोस, उत्तरात गुळगुळीत माहितीपत्रकच येतं. एकच नेमकी अडचण निवड. मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा ४३ च्या पुढे जातो, काळ्या मातीची धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते आणि इंजिन तापतं. बसचं मॉडेल, एकूण किलोमीटर, रेडिएटर शेवटचा कधी धुतला, रस्ता सपाट की सातपुड्याचा घाट, एवढं सगळं सोबत पाठव. आणि हे ओस्लोला नको, दुबईला किंवा अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला विचार. ऊन त्यांनाही ठाऊक आहे.

खरा घोळ आकड्यांत होतो. आपण एका लिटरला किती किलोमीटर ते मोजतो, युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर ते. तिथले २५ म्हणजे आपले ४. तिथला आकडा वाढला की बस जास्त डिझेल पिते. अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटनचा ४.५४६ चा, गल्लत झाली की हिशेब २० टक्क्यांनी चुकतो.

ब्रेकडाउनचं तर आणखी अवघड. आपण दहा हजार किलोमीटरमागे बिघाड मोजतो. अमेरिकेत दोन बिघाडांमधले मैल काढतात. आपला ०.२ म्हणजे ५०,००० किलोमीटरला एक, सुमारे ३१,००० मैल. पण बिघाड कशाला म्हणायचं? तिकडे गाडी पुढे नेताच येत नाही किंवा नेणं धोक्याचं असतं तो मोठा बिघाड. एसी, तिकीटपेटी, व्हीलचेअर लिफ्टचे बिघाड ‘इतर’ म्हणून वेगळे लिहितात. फेरी दुसऱ्या गाडीने पूर्ण झाली तर तो बिघाड मोजला का, हेही विचार. नाहीतर प्रामाणिकपणे नोंद ठेवणारं आगारच वाईट ठरतं, आणि हा फार मोठा अन्याय आहे.

उत्तर आलं की सगळ्या गाड्यांवर लगेच लागू करू नकोस. एकाच मॉडेलच्या, एकाच मार्गावरच्या पाच बसवर नवी पद्धत ठेव, पाचवर जुनी. मार्च ते जून. एका वेळी एकच बदल कर. उदाहरणार्थ, रेडिएटर पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवायचा, पाण्याचा जोर कमी ठेवून, नाहीतर जाळीच्या पातळ पत्र्या वाकतात आणि हवा आणखी अडते. ही कृती मराठीत लिहून दुरुस्तीच्या रॅम्पजवळ लाव, फाइलमधलं इंग्रजी पत्र मेकॅनिक वाचत नाही.

पत्रव्यवहार आगाराच्या ईमेलवरून ठेव. तुझी बदली झाली तरी धागा तुटणार नाही. जूनअखेर दोन्ही गटांचे आकडे त्यांना कळव, फरक पडला नसेल तरी.

तुझा,
एक जुना सहकारी